झाडावरून पडलेलं पोर ऑलिम्पिक जिंकून आलं, पण विजय दुसऱ्याच देशाच्या खात्यावर. जॉर्ज ऑर्टन यांची गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल धावला. त्या शर्यतीत ऑलिम्पिक फायनल गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. पदक आलं नाही, अकरावा नंबर आला. पण त्या रात्री बीड जिल्ह्यातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात लोक टीव्हीसमोर बसून होते. त्याआधी २०१६ ला माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओमध्ये याच शर्यतीच्या फायनलला जाऊन दहावी आली होती. म्हणजे स्टीपलचेस हा शब्द आता आपल्या दुष्काळी पट्ट्याला नवा राहिलेला नाही.

याच पॅरिस शहरात, १२४ वर्षांपूर्वी, १९०० सालच्या ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस पहिल्यांदा खेळवली गेली. त्या वेळी २५०० मीटरची शर्यत जिंकणारा गडी होता जॉर्ज ऑर्टन. त्याचा उजवा हात लहानपणापासून अधू होता, आणि हा मुलगा पुन्हा चालेल की नाही याचीच एकेकाळी शंका होती. पुढे हाच माणूस प्रशिक्षक झाला आणि निम्मं आयुष्य त्याने दुसऱ्यांची पोरं घडवण्यात घातलं. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नाही. त्याच्या स्वतःच्या देशालाही ते फार उशिरा कळलं.

तिसऱ्या वर्षी अपघात

जॉर्ज वॉशिंग्टन ऑर्टनचा जन्म १० जानेवारी १८७३ चा. गाव स्ट्रॅथरॉय, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं. वय तीन वर्षांचं असताना पोर झाडावरून पडलं. मार साधा नव्हता. मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजव्या हाताला कायमची इजा झाली आणि पायांतली ताकद गेली. तो काळ दीडशे वर्षांपूर्वीचा. एक्स-रेसुद्धा अजून निघाला नव्हता. मेंदूत काय झालंय ते बघायची सोय नव्हती, उपचाराची तर नव्हतीच.

अशी पोरं गावोगाव असतात. त्यांच्याबद्दल घरातले हळू आवाजात बोलतात आणि शेजारपाजारचे निकाल देऊन मोकळे होतात. जॉर्जच्या वाट्याला वेगळं काही आलं नसतं. पण काही वर्षांनी पायात हळूहळू बळ यायला लागलं. नीट चालता-फिरता यायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडलं. हात मात्र सुधारला नाही.

एकदा पाय मोकळे झाले, मग हे पोर चालायलाच तयार नव्हतं. जिथे जायचं तिथे पळतच. कधीच न चालणारा मुलगा अशी त्याची ओळख पडली. आधी चालता येत नव्हतं म्हणून चालला नाही, नंतर पळता यायला लागलं म्हणून चालला नाही.

मैलाचा राजा

टोरोंटोच्या विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा जॉर्ज लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकायला लागला. १८९२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने एक मैल ४ मिनिटं २१.८ सेकंदांत काढला. कॅनडात हा विक्रम पुढे अनेक वर्षं कोणाला हलवता आला नाही.

हा आकडा आपल्या पोरांना पटकन कळेल. पोलीस भरतीला मुलं १६०० मीटर पळतात, मैल त्याच्यापेक्षा फक्त नऊ मीटर जास्त. भरतीत पूर्ण गुण घ्यायचे तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. जॉर्ज त्याहून पाऊण मिनिटाहून जास्त आधी पोचायचा. तेही १८९२ साली. तेव्हा आजच्यासारखे स्पंजाचे बूट नव्हते, सिंथेटिक ट्रॅक नव्हता. एक हात नीट साथ देत नव्हता. पळताना हात किती कामाचा असतो ते पळणाऱ्याला विचारा. पाय दमले की हातच माणसाला ओढत नेतात.

१८९३ ला टोरोंटोची पदवी घेऊन तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. तिथे १८९४ ला एम.ए. आणि १८९६ ला पीएच.डी. केली. विषय भाषांचा. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन अशा लॅटिनमधून निघालेल्या भाषा. खेळाडू म्हटलं की अभ्यासात कच्चा, असं आपल्याकडे अजून धरून चालतात. हा माणूस डॉक्टरेटचा अभ्यास करत करत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकत होता. एक मैलाची राष्ट्रीय स्पर्धा त्याने सहा वेळा मारली. स्टीपलचेसची विजेतेपदं वेगळी. १८९८ साली इंग्लंडला जाऊन तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेतली स्टीपलचेसही जिंकून आला. सगळ्या कारकिर्दीत जिंकलेल्या शर्यतींची बेरीज शंभराच्या वर जाते.

स्टीपलचेस म्हणजे काय?

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा, आपल्याकडे देवळाचा कळस असतो तसा. आयर्लंड-इंग्लंडकडे पूर्वी घोडेस्वार एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत पैज लावून घोडे पळवायचे. लांबून दिसणारी खूण म्हणजे तो मनोरा. मधे जे येईल ते ओलांडायचं. शेताचं कुंपण, दगडी भिंत, ओढा, चर. पुढे ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी हीच शर्यत घोड्याशिवाय, पायी पळायला सुरुवात केली आणि ती मैदानात आली.

आज ही शर्यत ३००० मीटरची असते. २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची साधारण तीन फूट. हा अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागला की पडत नाही. जड असतो, जागचा हलत नाही. पाय लागला तर माणूस पडतो. एवढं करून दम टिकवायचा, लय टिकवायची. नुसता वेगवान माणूस इथे चालत नाही आणि नुसता दमदारही चालत नाही. बांध, चर, ओढे ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलांनी ही शर्यत का धरली, हे वेगळं सांगायला नको.

ऑर्टनच्या दृष्टीने बघा. अडथळा ओलांडताना तोल सांभाळायला दोन्ही हात लागतात. पाण्यात उतरताना लागतात. शर्यत निवडायचीच तर त्याने सपाट मैदानावरची मैलाची निवडून तिथेच थांबायला हरकत नव्हती, तिथे तो राजाच होता. तो थांबला नाही.

पॅरिस, १५ जुलै १९००

१९०० चं ऑलिम्पिक आजच्यासारखं नव्हतं. पॅरिसमध्ये तेव्हा मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि खेळ त्याचाच एक भाग होते. आपण ऑलिम्पिक खेळतोय हेसुद्धा बऱ्याच खेळाडूंना ठाऊक नव्हतं. धावण्याच्या शर्यती शहराबाहेरच्या बुलोनच्या जंगलात, एका क्लबच्या मैदानावर झाल्या. ट्रॅक गवताचा, ५०० मीटरचा, कुठे चढ कुठे उतार. थाळीफेकवाल्यांच्या थाळ्या झाडांत जाऊन पडत होत्या.

कॅनडाने त्या वर्षी संघच पाठवला नाही. ऑर्टन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पोरांबरोबर गेला. मोठा तगडा संघ होता तो. त्यातल्या आल्विन क्रेन्झलाइनने एकट्याने चार शर्यती-स्पर्धा जिंकल्या. वॉल्टर ट्यूक्सबरी २०० मीटर जिंकला आणि त्याच्या मागे दुसरा आला तो कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड. क्रेन्झलाइनच्या मागे २०० मीटर हर्डल्समध्येही प्रिचर्डच दुसरा. भारताच्या नावावर लागलेली पहिली दोन ऑलिम्पिक पदकं ती हीच.

१५ जुलैला रविवार होता. देवाच्या दिवशी खेळायचं नाही म्हणून काही अमेरिकन विद्यापीठांच्या खेळाडूंनी मैदानात उतरायला नकार दिला. ऑर्टन उतरला. आधी ४०० मीटर हर्डल्सची फायनल झाली. हर्डल म्हणून ट्रॅकवर टेलिफोनचे लांब खांब आडवे टाकले होते आणि शेवटी पाण्याचा खड्डा. फायनलला तिघंच धावले. ट्यूक्सबरी पहिला, फ्रान्सचा टोझँ दुसरा, ऑर्टन तिसरा. कॅनडाच्या माणसाने ऑलिम्पिकमध्ये मिळवलेलं हे पहिलं पदक.

तासाभराच्या आत त्याची दुसरी शर्यत लागली, २५०० मीटर स्टीपलचेस. पाय अजून आधीच्या शर्यतीतून सावरले नव्हते. वाटेत दगडी भिंती, कुंपणं, पाणी. समोर इंग्लंडचा सिडनी रॉबिन्सन आणि घरच्या मैदानावरचा फ्रेंच शास्तान्ये. ऑर्टनने घाई केली नाही. पुढच्यांना पुढे राहू दिलं, स्वतःचा दम राखला आणि शेवटच्या टप्प्यात जोर काढून निघून गेला. वेळ ७ मिनिटं ३४.४ सेकंद. रॉबिन्सन साडेतीन-चार सेकंदांनी मागे, शास्तान्ये तिसरा.

दुसऱ्या दिवशी ४००० मीटरची स्टीपलचेस होती. ऑर्टनचं पोट बिघडलेलं होतं, अंगात त्राण नव्हतं. तरी धावला आणि पाचवा आला. इंग्लंडचा जॉन रिमर जिंकला.

त्या वर्षी जिंकणाऱ्यांना सोन्याची पदकं नव्हतीच. कोणाला कप, कोणाला दुसरं काही बक्षीस. सुवर्ण, रौप्य, कांस्य हा हिशेब नंतरच्या लोकांनी मागे जाऊन लावला. आणि तो लावताना ऑर्टनचा विजय अमेरिकेच्या खात्यावर गेला, कारण तो अमेरिकन विद्यापीठाच्या पोरांबरोबर आला होता.

मैदानाबाहेरची चाळीस वर्षं

बरेच खेळाडू इथे संपतात. पळणं थांबलं की नोकरी, मग जुने फोटो. ऑर्टनचं उलटं झालं. इथून पुढे त्यांना ऑर्टन सर म्हणायला हरकत नाही.

त्यांनी फिलाडेल्फियात शाळांमध्ये भाषा शिकवल्या आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात धावपटूंना शिकवलं. स्वतः पळत असतानाच ते तरुण पोरांना मार्ग दाखवायला लागले होते. १९०३ साली त्यांनी लांब पल्ल्याच्या आणि क्रॉस कंट्री धावण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. आज अशी पुस्तकं, व्हिडिओ ढिगाने आहेत. त्या काळी एखाद्या गावातल्या पोराला सराव कसा करायचा हे कुठून कळणार? जवळ मास्तर नसेल तर पुस्तक हाच मास्तर.

त्याच १९०३ साली आणखी एक काम केलं. न्यू हॅम्पशायर राज्यात विनिपेसॉकी नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठावर त्यांनी दोन मित्रांना घेऊन मुलांसाठी उन्हाळी शिबिर काढलं. नाव दिलं कॅम्प टेकुमसे. टेकुमसे हा तिथल्या मूळ रहिवाशांचा लढवय्या सरदार, १८१३ साली ऑन्टॅरिओच्याच भूमीवर लढताना मेलेला. सुट्टीत पोरांनी तिथे राहायचं, पोहायचं, पळायचं, खेळ शिकायचे. बरोबरच्या दोघांपैकी जोसाया मॅक्रॅकन हा पॅरिसच्या संघातलाच गडी. ते शिबिर आजही चालू आहे. सव्वाशे वर्षं होत आली.

कॅनडातून येताना सरांनी आइस हॉकीही बरोबर आणली. फिलाडेल्फियात तो खेळ रुजवण्यात त्यांचा मोठा हात, म्हणून तिथल्या हॉकीचा जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. मुलांसाठी शिबिरातल्या पोरांच्या कादंबऱ्याही लिहिल्या. विद्यापीठाच्या खेळांचा इतिहास लिहून ठेवला.

१९१९ ते १९२५ या काळात पेन रिलेज या स्पर्धेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १८९५ ला सुरू झालेली ही रिले स्पर्धा दर वर्षी एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात भरते. शाळेची पोरं आणि विद्यापीठाची पोरं एकाच मैदानावर पळतात, आता तर जमैकातूनही शाळांचे संघ येतात. अशी स्पर्धा चालवणं म्हणजे काय कष्ट असतात हे ज्यांनी गावच्या जत्रेत साधी मॅरेथॉन भरवली असेल त्यांनाच माहीत. वेळ कोण घेणार, पंच कुठून आणायचे, पोरांच्या जेवणाचं काय. धावणाऱ्याचं नाव पेपरात येतं, भरवणाऱ्याचं येत नाही.

१९२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षं झाली, तेव्हा फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं. त्यातल्या खेळांची जबाबदारीही सरांकडे आली. तिथल्या नव्या प्रचंड स्टेडियममध्ये त्या सप्टेंबरात जॅक डेम्पसी आणि जीन टनी यांची प्रसिद्ध मुष्टियुद्धाची लढत झाली, लाखाच्या वर लोक बघायला होते. पुढे काही वर्षं ते स्टेडियमही त्यांनी सांभाळलं.

अधू हाताचं त्यांनी कधी भांडवल केलं नाही. ज्यांना त्यांनी शिकवलं त्यातल्या कित्येकांना पूर्ण हकीकत माहीतही नसेल.

नाव परत मिळालं, माणूस गेल्यावर

जून १९५८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, न्यू हॅम्पशायरमध्ये जॉर्ज ऑर्टन वारले. त्या वेळेपर्यंत कॅनडात पहिला ऑलिम्पिक विजेता म्हणून नाव घेतलं जायचं ते एटिएन देमार्तो या माँट्रियलच्या पोलिसाचं. त्याने १९०४ ला ५६ पौंडांचं वजन फेकण्याची स्पर्धा जिंकली होती. ऑर्टनने त्याच्या चार वर्षं आधी जिंकलं होतं, पण ते अमेरिकेच्या यादीत पडून होतं.

१९७० नंतर जुनी कागदपत्रं चाळली गेली तेव्हा ही चूक उजेडात आली. अरे, हा तर आपला माणूस, असं कॅनडाला कळायला सत्तरहून जास्त वर्षं लागली. १९७७ ला कॅनडाच्या क्रीडा सन्मान दालनात त्यांचं नाव लागलं. १९९६ ला कॅनडाच्या ऑलिम्पिक सन्मान दालनातही घेतलं. तोवर त्यांना जाऊन जवळपास चार दशकं होत आली होती.

नॉर्मन प्रिचर्डच्या बाबतीतही असंच झालंय. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्याची दोन पदकं भारताच्या नावावर धरते, तर काही अभ्यासक ती ब्रिटनची म्हणतात. एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात धावलेली ही दोन माणसं, आणि दोघांच्याही पदकावर देशांची ओढाओढ. धावणारा धावून जातो, सातबाऱ्यावर नाव लावायचं काम मागच्यांना निस्तरावं लागतं.

आपल्या तालुक्याने यातून काय घ्यायचं

आज आपल्या तालुक्यांत पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी कुठेही दिसतील. कोणाला भरती गाठायची आहे, कोणाला साबळेसारखं व्हायचंय. जिद्द कमी नाही. कमी आहे तो शिकवणारा. डांबरावर पळून नडगी दुखते, गुडघे जातात आणि दोन महिन्यांत पोर घरी बसतं. चुकतंय कुठे हे सांगायला कोणी नसतं. खेळाचा तास शाळेच्या वेळापत्रकात असतो, मैदानावर नसतो.

आपल्याच भागात राज्य, राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेली माणसं आहेत. सैन्यातून, पोलिसातून निवृत्त होऊन आलेले आहेत. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस गावच्या मैदानावर तासभर उभं राहिलं तरी पुष्कळ आहे. ग्रामपंचायतीने मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि बाजूला एक पाण्याचा चर खोदला तर स्टीपलचेसच्या सरावाची निम्मी सोय झाली. एक-दोन ओंडके आडवे ठेवले की उरलेली.

आणि दुसरी गोष्ट, जी जास्त महत्त्वाची. झाडावरून पडलेलं, तापात पाय गेलेलं, जन्मतःच हात अधू असलेलं पोर ज्यांच्या घरात आहे त्यांनी ऑर्टनचं बालपण लक्षात ठेवावं. प्रत्येक पोर ऑलिम्पिक जिंकणार नाही, तसं सांगणं खोटं होईल. पण तीन वर्षांच्या पोराचा निकाल तिसऱ्या वर्षी लावायचा नसतो. जॉर्जला नीट चालायला दहा-बारा वर्षं लागली. तेवढी वाट कोणीतरी बघितली, म्हणून पुढचं सगळं झालं.